वेष, वस्त्र आणि माणूस : भानू अथैया यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

१

दलित साहित्याची चर्चा करताना आपण भाषेचा विचार पुष्कळ केला. बोली किती यावी, शिवी कुठे यावी, प्रतिमा कोणाच्या जगातून घ्याव्यात, यावर आपल्यात वर्षानुवर्षे वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु माणसाने तोंड उघडण्याआधी त्याच्या अंगावरचे कापड बोलून गेलेले असते, या गोष्टीकडे आपल्या समीक्षेने म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. नाटक असो की चित्रपट, पात्र समोर आले की प्रेक्षक प्रथम त्याचा वेष वाचतो आणि मनाशी त्याची जात, धंदा, ऐपत ठरवून मोकळा होतो. हे वाचन घडवून आणणारा माणूस म्हणजे वेषभूषाकार. त्याचे नाव पडद्यावर येऊन जाते; पण ते वाचण्यासाठी कोणी थांबत नाही.

अशा एका वेषभूषाकार स्त्रीच्या कारकिर्दीचा विचार या लेखात करावयाचा आहे. भानू अथैया हे नाव आपल्या मुलांना माहीत असते ते स्पर्धा परीक्षेतील एका प्रश्नाचे उत्तर म्हणून : ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण? मला त्यांच्या कामात रस आहे तो निराळ्या कारणाने. रिचर्ड ॲटनबरो यांच्या चित्रपटातील गांधींना त्यांनी वस्त्रे दिली, आणि पुढे डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटातील बाबासाहेबांनाही त्यांनीच वस्त्रे दिली. एकाच हाताने केलेली ही दोन कामे शेजारी ठेवून पाहिली, तर या देशातील वस्त्राचा सामाजिक अर्थ स्पष्ट होऊ लागतो.

मी सोलापूरचा. कापड ही या गावाची भाकरी. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली, ती पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग मांडले, नंतर यंत्रमाग आले, आणि सोलापुरी चादर व टॉवेल घराघरांत गेले. या दोन्ही मालांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा वेषाचा विचार मी कापडापासून सुरू केला, तर वाचकांनी तो सोलापूरकराचा स्वभाव समजावा.

२

कापड म्हणजे ताणा आणि बाणा. उभे धागे आधी ताणून धरलेले असतात आणि आडवा धागा धोट्यातून त्यांच्या आतबाहेर जातो. टॉवेलच्या मागावर ताणे दोन असतात. एक घट्ट, दुसरा सैल. सैल ताण्याचे धागे कापडावर गाठीसारखे उभे राहतात आणि तेच पाणी शोषतात. चादरीच्या जकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडून आधीच ‘लिहिलेली’ असते. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे नाही तिथला खाली राहतो. मागावर बसणारा विणकर नक्षी ठरवीत नाही. ती दुसऱ्याने, दुसरीकडे बसून ठरविलेली असते.

यातून तीन प्रश्न निघतात. नक्षी कोण आखणार? कापड कोण विणणार? आणि ते कोण नेसणार? वरवर पाहता हे धंद्याचे प्रश्न आहेत. आपल्या देशात मात्र या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जातीने दिली.

विणण्याचा प्रश्न घ्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी धोट्यात घालून सुताचे टोक धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला लागेल, हे सवर्ण विणकरांना सहन होत नव्हते. विणाई खात्यात मजुरी अधिक होती आणि तीच दारे आपल्या माणसांना बंद होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. वर्गलढ्याच्या गोष्टी करणाऱ्यांना आपल्याच खात्यातला सोवळ्याचा धोटा दिसत नव्हता, तो त्यांना दाखवावा लागला. आमच्या घरातही गिरणी दोन पिढ्या होती. पण आमची माणसे सूतकताईच्या खात्यात राबली; त्यांनी कातलेल्या सुताचे कापड शेजारच्या खात्यात होई आणि त्या खात्यात त्यांचे काम नसे.

याच काळात जर्मनीत काय चालले होते ते पाहणे उद्बोधक आहे. १९१९ साली वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा निघाली. स्त्री-पुरुष समानतेची घोषणा करून निघालेल्या या शाळेने स्त्री विद्यार्थिनींना मात्र बहुतेक विणकाम विभागात ढकलले. वास्तुकला पुरुषांची, माग बायकांचा, असा हिशोब. त्या विभागातील गुंटा श्ट्योल्झल हिने मागाचेच शास्त्र करून दाखविले आणि १९२७ पासून ती त्या विभागाची प्रमुख झाली. १९३१ साली तिला शाळा सोडावी लागली आणि ती स्वित्झर्लंडला गेली. तिकडे बाई म्हणून मागावर बसविले, इकडे अस्पृश्य म्हणून मागापासून दूर ठेवले. दोन्हीकडे माग एकच. त्याच्यापुढे कोण बसावे हे ठरविणारी सत्ता वेगवेगळी होती.

३

आता नेसण्याचा प्रश्न. जगात सर्वत्र श्रीमंताचा आणि गरिबाचा वेष वेगळा असतो. परंतु गरिबाने चांगले कापड मिळविले तरी ते अंगावर घालू नये, असा धर्मशास्त्राचा नियम करणारा समाज आपला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. वेषभूषेची ही आपल्याकडील जुनी संहिताच म्हणावी लागेल. पात्र कोणते आणि त्याने काय नेसावे, हे त्या संहितेने ठरवून टाकले होते. बदलण्याची मुभा पात्राला नव्हती.

ही संहिता डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जळाली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि त्यात लुगडे कसे नेसावे यावर ते बोलले. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे आणि गळ्यात-हातात घातलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने ही तुमची ओळख पटविण्याची खूण आहे, ती टाका; इतर स्त्रिया नेसतात तसे पायघोळ नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. एवढा मोठा विद्वान, एवढा मोठा लढा, आणि हा माणूस लुगड्याच्या लांबीवर बोलतो, याचे कित्येकांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. शिक्का कपाळावर नसून काठावर होता, हे त्यांनी ओळखले होते. माझी आजी म्हातारपणीसुद्धा बाहेर निघताना लुगडे घोट्यापर्यंत ओढून घेई. तो तिचा शृंगार नव्हता, तिने केलेला सत्याग्रह होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेच्या दिवशी बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले होते आणि लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून जमली होती. प्रेतावरचे कापड ज्यांच्या वाट्याला सांगितले गेले, त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशाने घेतलेले स्वच्छ कापड अंगावर घातले. आपल्या चळवळीतील वेषबदलाचा हा सर्वांत मोठा प्रसंग होय.

४

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आता भानू अथैया यांच्या कारकिर्दीकडे वळू.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूरला झाला. माहेरचे नाव भानुमती राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. त्यांचे छत्र भानूताईंवर फार काळ राहिले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या आणि सुवर्णपदक मिळवून बाहेर पडल्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या गाजलेल्या चित्रकारसंघाच्या १९५३ मधील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. म्हणजे चित्रकार म्हणून त्यांचा मार्ग मोकळा होता. परंतु पोटासाठी त्या इंग्रजी स्त्री-नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने करू लागल्या, रेखाटनांतून प्रत्यक्ष पोशाख झाले, आणि पोशाखांतून चित्रपट आला.

‘श्री ४२०’ (१९५५), ‘सी. आय. डी.’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२), ‘गाइड’ (१९६५) अशी त्यांच्या कामांची यादी लांबत जाते आणि शंभरावर चित्रपटांपर्यंत पोहोचते. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रांचा अभ्यास केला. ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९६८) मुमताजसाठी त्यांनी जी नारिंगी साडी केली ती नेसायची नव्हती, शिवलेली होती, नृत्यात निऱ्या सुटू नयेत म्हणून तिला झिप लावली होती. ती साडी पुढे शहरांतल्या मुलींनी शिंप्यांकडून तशीच शिवून घेतली. मराठी रंगभूमीवर हे आधी घडून गेले होते. बालगंधर्वांचे शालू पाहून घरंदाज स्त्रिया नेसण्याची तऱ्हा बदलीत होत्या. रंगमंचावरचे कापड प्रेक्षागृहात उतरते ते असे. आणि म्हणूनच तिथे कोणाच्या अंगावर काय दाखविले जाते, हा प्रश्न निव्वळ सजावटीचा राहत नाही.

वेषभूषाकार नेमके करतो काय? प्रथम तो संहिता वाचतो आणि पात्रवार, प्रसंगवार याद्या करतो. एका प्रसंगाचे चित्रण आज अर्धे आणि महिन्याने अर्धे झाले, तरी सदऱ्याचे उघडे बटण तेच राहिले पाहिजे. नंतर तो काळ, प्रदेश, धंदा, वय यांचा शोध घेतो. मग कापड निवडतो. जाड सुती कापड अंगापासून दूर उभे राहते, रेशीम ओघळते, लोकर खांद्याला आकार देते. म्हणजे कापडाच्या वजनावर पात्राची चाल ठरते. आणि शेवटी एक काम असे असते की ते नीट झाले तर कोणाला दिसतच नाही. नवे कापड जुने करणे. ते पुन्हा पुन्हा धुतात, चहाच्या पाण्यात बुडवितात, उन्हात टाकतात, कोपरावर आणि गुडघ्यावर दगडाने घासतात. शेतकऱ्याचा सदरा खांद्यावर विटतो, कारकुनाचा बाहीच्या टोकाला. श्रम कापडावर कुठे उमटतो, हे ज्याला कळते तोच हे करू शकतो.

५

‘गांधी’ हा चित्रपट १९८२ साली आला. ११ एप्रिल १९८३ रोजी वेषभूषेचे ऑस्कर जॉन मोलो आणि भानू अथैया यांना विभागून मिळाले. गांधींच्या अंत्ययात्रेच्या एकाच प्रसंगात तीन लाखांहून अधिक माणसे होती, यावरून कामाचा पसारा कळावा. पण खरी अवघड गोष्ट गर्दीची नव्हती. गांधींचे आयुष्यच एका वेषांतराची कथा आहे. दक्षिण आफ्रिकेत १८९३ साली उतरलेला सुटाबुटातला बॅरिस्टर, नंतर काठेवाडी पगडी आणि अंगरखा, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारलेला पंचा. टप्प्याटप्प्याने कपडे कमी होत जातात आणि माणूस मोठा होत जातो. हा प्रवास चित्रपटात शब्दांआधी कापडाने सांगितला आहे, आणि तो सुरेख सांगितला आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या चित्रपटात आंबेडकर नाहीत. गोलमेज परिषदेला १९३१ साली लंडनमध्ये पंचा नेसलेला एक भारतीय होता, तसा सूट घातलेला दुसरा भारतीयही होता. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात त्या सुटाला जागा मिळाली नाही. हा दोष वेषभूषाकाराचा नव्हे, संहितेचा आहे. जे पात्र लिहिलेच नाही, त्याला कपडे कोण देणार? मात्र त्याचा परिणाम असा झाला की जगाने भारताचा जो वेष पाहिला आणि गौरविला, तो त्यागाचा वेष होता. अधिकाराच्या वेषाची कथा सांगायची राहून गेली.

ती सांगण्याची संधी डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाने दिली. तो २००० साली प्रदर्शित झाला. पटेल पंढरपूरला जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले. संहितालेखनात दया पवारांचा हात होता, बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी यांनी केली, आणि वेषभूषा होती भानू अथैया यांची. येथे प्रवास उलट्या दिशेचा होता. सुभेदाराचा मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कला जातो, विद्वान होतो, सूट घालतो आणि परत येतो. १९१७ साली बडोद्यात तोच सूट अंगावर असताना पारशी खानावळीतून त्याला काठ्या घेतलेला जमाव बाहेर काढतो. सुटाने जात झाकली नाही. तरीही त्यांनी तो उतरविला नाही, आणि तिथेच त्या सुटाचा अर्थ आहे.

कपडे टाकून देण्याने मोठेपण येते ते ज्याला कपड्यांचा हक्क जन्मतः होता त्याला. ज्याच्या आजोबा-पणजोबांना गुडघ्याखाली धोतर नेसण्याची चोरी होती, त्याने पंचा नेसला तर तो त्याग ठरत नाही, जुन्या आज्ञेचे पालन ठरते. बाबासाहेबांचा कोट हा साहेबी थाट होता असे म्हणणाऱ्यांना हा साधा फरक कळलेला नसतो. गावोगावच्या आपल्या लोकांना तो पहिल्या दिवसापासून कळला. संसदेच्या आवारात १९६७ साली शिल्पकार ब्र. वि. वाघ यांनी घडविलेला बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तो सुटात, आणि वस्तीवस्तीतल्या सिमेंटच्या पुतळ्यांना लोकांनी निळा कोट रंगविला. त्या कोटाचा वेषभूषाकार कोणी एक नाही, अवघा समाज आहे.

याच सुमारास, २००१ साली, ‘लगान’ आला. त्याच्या वेषभूषेसाठी अथैया यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘लेकिन’ या चित्रपटानंतरचा हा त्यांचा दुसरा. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य तरुण आहे. त्याचे नाव उच्चारण्याआधीच त्याचे विटके कपडे पाहून तो कोण हे प्रेक्षक ओळखतो. १८९३ च्या खेड्यातला अस्पृश्य तसाच असणार, म्हणून वास्तवाच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्या चित्रपटांत अस्पृश्य ओळखू यावा म्हणून चिंधी लागते. नीट इस्त्रीचा सदरा घातला की तो ‘दिसेनासा’ होतो. चिंधी ही आपली वस्तुस्थिती होती, आपली ओळख नव्हे. इस्त्रीच्या सदऱ्यामागची जिद्द दाखविणारे कापड पडद्यावर अजून फार थोडे आले आहे.

६

यातून आपल्या रंगभूमीने काय घ्यावे? एक उदाहरण पुन्हा जर्मनीचे देतो. कास्पर नेहर हा नेपथ्यकार बर्टोल्ट ब्रेख्तचा शाळेपासूनचा मित्र. १९२८ साली बर्लिनला रंगभूमीवर आलेल्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे नेपथ्य त्याचे होते. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले आणि १९७८ साली जब्बार पटेल यांनी ते बसविले. ब्रेख्तच्या रंगभूमीचा आग्रह असा होता की पात्राच्या अंगावरचे कापड वापरलेले दिसले पाहिजे, त्याच्यावर धंद्याची खूण पाहिजे. ‘मदर करेज’मध्ये हेलेने वायगेल हिच्या जाकिटाच्या काजात एक चमचा खोचलेला असे. युद्धाच्या मागे गाडा ओढीत फिरणारी बाई, कुठे अन्न मिळेल सांगता येत नाही, म्हणून चमचा सदैव जवळ. त्या चमच्याने जे सांगितले ते सांगायला एरवी पानभर भाषण लागले असते.

आपल्या नाटकांत चमच्यासारख्या वस्तू कमी आहेत काय? दत्ता भगतांच्या ‘वाटा-पळवाटा’त तीन पिढ्या समोरासमोर येतात : बाबासाहेबांबरोबर चाललेले काका, नोकरीत स्थिरावलेला प्राध्यापक, आणि रस्त्यावर उतरलेला तरुण. या तिघांचे कपडे विचारपूर्वक ठरविले, तर चळवळीचा पन्नास वर्षांचा आलेख पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांपुढे मांडता येईल. पण आपल्याकडे बहुधा प्रयोगाच्या दिवशी ज्याला जे सापडेल ते घालून नट उभा राहतो. पैसा नाही हे कारण खरे आहे. परंतु विचार करायला पैसा लागत नाही.

आणखी एक गोष्ट भानू अथैया यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. २०१२ साली त्यांनी आपले ऑस्कर जतनासाठी अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठविले. आपल्यामागे ते येथे नीट सांभाळले जाईल, याचा त्यांना भरवसा नव्हता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. सन्मानचिन्ह धातूचे होते, तरी त्यांना त्याची काळजी वाटली. कापडाचे काय? सुताला बुरशी लागते, लोकरीला कसर लागते, घडीवर रेशीम तुटते.

नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवलेल्या आहेत. त्यांत त्यांचे कोट आहेत. उद्याच्या वेषभूषाकाराला, नाटककाराला, इतिहासकाराला ते कोट हाच पुरावा असणार आहे : कापड कोणते, शिवण कशी, कोपर कुठे झिजले. तेवढेच महत्त्वाचे कापड आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांतही आहे. दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे पातळ, जलशातल्या शाहिराचा फेटा, गिरणीत जाताना घालायचा सदरा. आपण ते पोतेऱ्याला काढतो किंवा बोहारणीला देतो आणि वर भांडे घेतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. घरातले असे एखादे वस्त्र असेल तर ते धुऊन, वाळवून, सुती कापडात गुंडाळून ठेवावे. सोबत कागदावर ते कोणाचे, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी नेसले ते लिहावे. आपल्या नाट्यसंस्थांनी प्रत्येक प्रयोगाची वेषभूषेची वही ठेवावी. आपला इतिहास लिहिताना कागदपत्रे अपुरी पडतात, ही तक्रार आपण नेहमी करतो. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांची कागदपत्रे अपुरीच असणार. पण त्यांच्या अंगावर काही ना काही कापड होते. त्याची नोंद करण्याचे काम आपले आहे, आणि त्या पेट्या अजून घरात आहेत तोवरच ते होऊ शकेल.